पाटी बघायचे शुक्रवार

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे हातात पेन आलं ते सह्या करायला आणि किराण्याची यादी लिहायला. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही, आणि माझी ओळ डावीकडून निघते ती उजवीकडे पोचेपर्यंत खाली उतरते. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. पण उद्या कोणाच्या हाती लागलीच, तर हसू नये.

मी कुवेतला अकरा वर्षं होते. तिथलं युद्ध संपून काही वर्षं झाली होती तेव्हा आमचे हे सुतारकामाच्या व्हिसावर गेले, अर्दियाच्या एका फर्निचरच्या कारखान्यात. दोन वर्षांनी मी गेले. सुताराच्या पगारावर बायकोला नेता येत नाही, म्हणून मी स्वयंपाकीण म्हणून वेगळ्या व्हिसावर गेले. फिंतासला नाशिककडचे एक इंजिनिअर राहायचे, त्यांच्या घरी. मी त्यांच्या बायकोला ताई म्हणायची आणि त्या मला मावशी म्हणायच्या, जरी आम्ही दोघी एकाच वयाच्या होतो. स्वयंपाकघराच्या मागे माझी खोली होती. हे फरवानियाला सात जणांच्या खोलीत. मुलगा गावी माझ्या सासूबाईंजवळ.

तर नवरा-बायको एकाच देशात, पण घर नाही. मला शुक्रवारी दुपारी दोननंतर सुट्टी. मी बसने फरवानियाला जायची. पण यांच्या खोलीवर मला जाता यायचं नाही. ती बिनबायकांच्या माणसांची इमारत, खाली मिसरी, म्हणजे इजिप्तचा, राखणदार बसलेला, बाई दिसली की हात आडवा. चहाच्या टपरीवर सगळे पुरुष. बागेत बसलं तर पोलीस ओळखपत्र मागायचे, आणि माझ्या ओळखपत्रावर यांचं नाव नाही. म्हणून मी पिशवीत लग्नाचा फोटो ठेवायची. एकदा एका पोलिसाने तो फोटो बघून आम्हाला सोडलं, पण मला इतकी लाज वाटली की पुन्हा बागेत बसले नाही. उन्हाळ्यात तर रस्त्यावर उभं राहणंच अशक्य. मग आम्ही पैसे पाठवायच्या एक्स्चेंजमध्ये रांगेत उभे राहायचो, कारण आत एसी. पाठवायला काही नसायचं. नंबर जवळ आला की मागच्याला पुढे सोडायचं. असं करत तास-दीड तास निघायचा. तिथल्या रखवालदाराच्या लक्षात आलं तेव्हा तेही बंद झालं.

एवढंच आमचं मागणं होतं त्या दिवसांत. आठवड्यातून तीन-चार तास, कुठेतरी सावलीत, शेजारी शेजारी.

ते दुकान सापडलं त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मला कुवेतला जाऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. बसथांब्यामागच्या गल्लीत मोबाइल आणि कॅमेऱ्यांचं दुकान होतं. हे मोबाइलचा चार्जर विचारायला आत गेले आणि मी मागोमाग. आत एका लांब टेबलावर चार लहान कॉम्प्युटर मांडून ठेवले होते, बारीक तारेने टेबलाला बांधलेले. त्यांना कळफलक नव्हता, नुसती काच. आमच्या यांनी त्यांना पहिल्या दिवसापासून पाटी म्हटलं.

सेल्समन केरळचा, चाळिशीचा. यांनी त्याला विचारलं, "इसमें मराठी पेपर दिखता है क्या?"

"सब दिखता है भाई. नाम बोलो."

यांनी नाव सांगितलं. त्याने काचेवर बारीक काडीने टोचत टोचत पेपर काढून दिला. आमच्या जिल्ह्याचं पान, आदल्या दिवसाचं, छापलेलं असावं तसंच. यांनी वाकून वाचायला सुरुवात केली आणि मला दाखवलं, "गो, ह्या बघ. खाडीवरच्या पुलाचा काम परत बंद पडला." आम्ही दोघं पुलाची बातमी वाचत उभे राहिलो. मग आंब्याचे भाव. मग एका शाळेतलं बक्षीस वितरण. तास झाला तरी आम्हाला कोणी हटकलं नाही. वर एसीचा थंड झोत थेट मानेवर यायचा.

त्या दिवसापासून आम्ही पाटी घ्यायची असं ठरवून दर शुक्रवारी जाऊ लागलो. खरं म्हणजे ठरवलं नव्हतं. मी विचारलं होतं, "तुमका खरोच घेवची आसा?"

"घेवक कित्याक होयी? बघूक पैसे पडतत?"

पण नुसतं उभं राहून चालत नाही, काहीतरी करावं लागतं. म्हणून आम्ही त्या चार पाट्यांची तुलना करायचो. आणि खोटं कशाला बोलू, करता करता ती खरीच होऊन गेली. आजही मला त्या चारी पाट्या डोळे मिटून सांगता येतील.

सगळ्यात मोठी काळी होती, शाळेच्या पाटीएवढी. ती पूर्ण कॉम्प्युटरच होती, कुठलंही पान उघडा, मराठी स्वच्छ दिसायचं. पण तिच्या पोटात पंखा घरघरायचा आणि वीस मिनिटांत पाठ तापायची. मी हातात घेतली की म्हणायची, "तवो जसो." दोन तासांत बॅटरी संपायची. किंमत साडेतीनशे दिनार. तिला आम्ही लांबूनच नमस्कार करायचो.

दुसरी राखाडी, नुसती पुस्तकं वाचायची. तिच्या काचेला उजेडच नव्हता, अक्षरं छापल्यासारखी, डोळ्याला गार. सेल्समन म्हणायचा, एकदा चार्ज केली की आठवडा-दोन आठवडे बघायला नको. पान उलटताना सगळं क्षणभर काळं व्हायचं आणि मग नवीन पान यायचं. मला ती फार आवडायची. पण तिच्यात इंटरनेट नव्हतं आणि मराठी अक्षर एकही नव्हतं.

तिसरी स्वस्तातली. बोट दाबलं की तीन आकडे मोजायचे, मग ती हलायची. यांनी तिची कड अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "सांधो बसूक नाय. वर्षभरात उसावतली." सुतार माणूस, कुठलीही वस्तू हातात आली की आधी सांधा बघणार.

चौथी लहान. डब्याच्या झाकणाएवढी, हातात बरोबर मावायची. बाजूने काडी निघायची. काच लख्ख, इंटरनेट पटकन उघडायचं, बॅटरी चार तास. यांनी तिचे चारी कोपरे चाचपून सांगितलं, "ह्या काम चोख आसा." किंमत सत्तर दिनार, जुनं मॉडेल म्हणून उतरवलेली. आमचा पेपर आम्ही तिच्यावरच वाचायचो.

सहा महिने गेले असे. सेल्समन आम्हाला ओळखू लागला. मी काचेला बोट लावायला घाबरायची तर त्याच्या भाषेत मला ताई म्हणून सांगायचा, "चेची, हाथ लगाओ, काटेगा नहीं." यांना चिडवायचा, "भाई, लड़की देख रहे हो क्या? छह महीने में शादी हो जाता है." त्याची बायको गावी होती. कधी गिऱ्हाईक नसलं की तो आमच्याकडे पाठ करून घड्याळांचं कपाट पुसत बसायचा. ते मुद्दाम, हे मला नंतर कळलं. मी त्या सहा महिन्यांत त्याच्याशी दहा वाक्यंसुद्धा बोलले नसेन. मला परक्या माणसाशी बोलायला जमत नाही, अजूनही नाही.

मग नवा मॅनेजर आला. त्याने दोन शुक्रवार आम्हाला बघितलं. तिसऱ्या शुक्रवारी तो टेबलाजवळ येऊन सेल्समनला म्हणाला, पण आम्हाला ऐकू जाईल असं, "ये लोग रोज़ आता है क्या?"

"सिर्फ शुक्रवार, सर. कंपेर करते हैं."

"छह महीना कंपेर? एसी का बिल ये भरेगा?" मग यांच्याकडे वळून, "भाई, लेना है तो लो. ये गार्डन नहीं है, बीवी को घुमाने का."

दुकानात आणखी चार-पाच माणसं होती. एक जण हसला. मी यांच्या मागे सरकले. यांचा चेहरा मी बघितला नाही, मान बघितली. ती लाल झाली होती.

"लेगा," हे म्हणाले. "आज ही लेगा. ये वाला." आणि खिशातून दहा दिनार काढून टेबलावर ठेवले. बाकीचे पुढच्या शुक्रवारी. मॅनेजरने पावती लिहिली.

बाहेर आल्यावर यांनी पावती घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "सोड. दहा गेले तर गेले. साठ खयसून हाडूचे?"

पण मी दुसराच हिशेब करत होते. दहा सोडले तर त्या दुकानात पुन्हा पाय ठेवता येणार नाही. उलट पाटी घेतली तर आपण गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला कोण हटकतं? चार्जर बघायला, पिशवी बघायला, बिघडलं तर दाखवायला, कधीही आत जावं. साठ दिनार म्हणजे माझ्या पगारापेक्षा जास्त, पण शुक्रवार कायमचे आपले. मी यांना म्हटलं, "माझ्याकडे आसत साठवलेले." साठवलेलं काहीच नव्हतं. सगळा पगार गावी जायचा.

ताईंकडे पैसे मागायला मला पाच दिवस लागले. भाजी चिरताना मी वाक्य मनात जुळवायची आणि त्या आत आल्या की गप्प व्हायची. शेवटी बुधवारी तोंडातून निघालं ते भलतंच. म्हटलं, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. पाटीसाठी म्हणून साठ दिनार मागायची हिंमतच झाली नाही. ताईंनी पुढे एक शब्द विचारला नाही. पाकीट आणून हातात दिलं आणि म्हणाल्या, "सावकाश द्या मावशी. आधी डोळा होऊ दे."

शुक्रवारी आम्ही पैसे भरून पाटी घेतली. सेल्समनने पेपरचं पान एका चिन्हाखाली ठेवून दिलं आणि पान साठवून कसं ठेवायचं ते तीनदा दाखवलं. मी बघत होते, हे ऐकत होते. पुढच्या शुक्रवारी आम्ही चार वाजता त्याच दुकानात गेलो, जरा ताठ मानेने. मॅनेजर दारातच होता.

"क्या हुआ? कंप्लेंट है?"

"नहीं. ऐसे ही. देखने का."

"अब तो ले लिया ना? अब क्या देखना है?"

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. आता बघण्यासारखं आमचं काही राहिलं नव्हतं. सेल्समन आतून बघत होता, पण पुढे आला नाही. आम्ही बाहेर पडलो.

गल्लीतल्या एका कट्ट्यावर बसून यांनी पिशवीतून पाटी काढली आणि चालू केली. काचेवर काहीच दिसेना. उन्हात ती नुसती काळी. हाताची सावली केली, माझा पदर वर धरला, तरी अक्षर दिसेना. सहा महिने आम्ही ती पाटी दुकानाच्या उजेडात पारखली होती. उन्हात कशी दिसते हे बघायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आमच्यासारख्या बाहेर बसणाऱ्या माणसांनी राखाडीच बघायला हवी होती, तिच्यात मराठी नसलं तरी. आणि दिसलं असतं तरी काय, इंटरनेट दुकानातलं होतं. ते काही पिशवीत आलं नव्हतं.

हे म्हणाले, "तू ने फिंतासाक. थय नेट आसा." आणि पाटी माझ्या मांडीवर ठेवली.

इंजिनिअर साहेबांच्या घरात इंटरनेट तेव्हा कुलूप न लावताच असायचं. दुपारी सगळे झोपले की मी पाटी काढायची, त्या चिन्हावर काडी टोचायची आणि आमच्या जिल्ह्याचं पान साठवून ठेवायची. बाकी मराठी पानं उघडून बघितली तर त्यात नुसते चौकोनच चौकोन, वेलांट्या एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. तेव्हा कळलं की दुकानात जे स्वच्छ दिसायचं तो छापील पेपराचा फोटो होता. त्या पाटीला मराठी येतच नव्हतं. आम्ही सहा महिने एका फोटोवरून पारख केली होती. मी यांना हे लगेच सांगितलं नाही.

सात दिवसांची सात पानं घेऊन मी शुक्रवारी जायची. आम्ही सूर्य बुडायची वाट बघायचो, मग त्या कट्ट्यावर बसून दोघांच्या मांडीवर पाटी धरून वाचायचो. अंधारात काच फार छान दिसायची. मला नऊला परत पोचायचं असायचं, त्यामुळे जेमतेम तास मिळायचा. असे चार शुक्रवार झाले. चारच, पण ते बरे गेले, हे लिहून ठेवते.

पाटी मी कपडे धुवायच्या मशीनमागच्या प्लगला चार्जिंगला लावायची. एका दुपारी ताई कपडे टाकायला आल्या.

"मावशी, हे कोणाचं?"

"माझं."

त्यांनी उचलून उलटसुलट बघितलं. "चांगलं दिसतंय. केव्हा घेतलंत?"

मी वायर प्लगमधून काढू लागले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना समजलं. कपड्यांची बादली खाली ठेवली.

"म्हणजे सासूबाईंचा डोळा हाच का?"

मी मान खाली घातली.

"मी दर आठवड्याला विचारत होते, मावशी. तुम्ही मला सांगितलंत, पट्टी काढली. पट्टी! मी साहेबांनासुद्धा सांगितलं, त्यांची पट्टी काढली म्हणून."

"चुकलं ताई."

"पाटीसाठी म्हणून मागितले असते तर काय झालं असतं?"

"दिले असतेत?"

त्यांनी पाटी मशीनवर ठेवली. "कदाचित नसते दिले," म्हणाल्या. तेवढं त्या खरं बोलल्या, म्हणून मला त्यांचा राग कधी आला नाही.

मग त्या म्हणाल्या, पगारातून कापणार नाही, घरी पैसे कमी गेले तर पोराचं अडेल. पण पैसे मला परत हवेत, आणि इंटरनेट हवं असेल तर विचारून घ्यायचं. मी म्हटलं, शुक्रवारी काम करीन. त्यांच्याकडे शुक्रवारी चार-पाच मराठी घरं जेवायला यायची आणि त्या एकट्या दमून जायच्या, हे मला माहीत होतं.

"शुक्रवार तुमचा आहे मावशी."

"असू दे."

एका शुक्रवारचे तीन दिनार ठरले. म्हणजे वीस शुक्रवार. मी ताईंना एकच मागितलं, की तीन दिनार आधी माझ्या हातात द्या, मग मी परत देईन. हातात आल्याशिवाय फेडल्यासारखं वाटलं नसतं.

यांना फोनवर सांगितलं तेव्हा खोटं बोलल्याचंही सांगून टाकलं. यांच्या खोलीत सात जणांत एक लँडलाइन होता. कुवेतमध्ये लँडलाइनवरून लँडलाइनवर बोलायला पैसे पडत नसत. मागे टीव्हीचा आवाज येत होता.

"इस शुक्रवार?" हे म्हणाले.

"इस."

"पाच म्हयने झाले गो."

"जातले."

आणि मी शुक्रवारी पुरणपोळ्या लाटू लागले, कधी मसालेभात, कधी कोंबडीवडे. पाहुणे जेवून हॉलमध्ये रात्रीपर्यंत गप्पा मारत बसायचे, त्यांचा चहा-फराळही मीच करायची, म्हणून बाहेर पडता यायचं नाही. भांडी आवरून चार वाजले की मी फोन लांब वायरीने स्वयंपाकघरात ओढून खाली बसायची आणि पाटीवरचं पान यांना वाचून दाखवायची. पूर्वी हे वाचायचे आणि मी ऐकायची. आता उलटं झालं. माझं वाचन म्हणजे एकेक अक्षर जोडत जाणं. जोडाक्षर आलं की मी अडायची. हे पलीकडून म्हणायचे, "थय थांबा नको, फुडे जा, माका समाजला." काही वेळा वैतागायचे, "अगो, चार दिवसांपूर्वीचो भाव आसा तो, आजचो वाच."

एक दिवस वाचताना मागून कोणीतरी ओरडलं, "वयनी, जरा मोठ्यान! हयसर पंख्याचो आवाज येता!"

यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. सात पुरुष माझं वाचन ऐकत होते, किती आठवड्यांपासून कोण जाणे. मी फोन ठेवून दिला. यांनी पुन्हा लावला. "अगो, तेंका बी गावचा ऐकूचा आसता. तू तेंका बघणंस नाय, ते तुका बघणत नाय. वाच."

मग मी भिंतीकडे तोंड करून वाचू लागले. त्यांना आधी निधनाच्या बातम्या हव्या असायच्या. कोण गेलं, कुठल्या वाडीतलं, किती वर्षांचं. नाव ओळखीचं निघालं की पलीकडे सगळे गप्प व्हायचे, आणि मग कोणीतरी हळूच म्हणायचं, "फुडे वाचा वयनी." माझं वाचन जे काही सुधारलं ते तिथे सुधारलं. पण भेट नाही. बसने पाऊण तासावर माणूस, आणि मी त्याला फोनवर मेलेल्यांची नावं वाचून दाखवायची.

पंधरा शुक्रवार झाले होते. मधल्याच वारी यांचा फोन आला, सकाळी, जेव्हा कधी येत नसे.

"कारखान्यात काम नाय. अकरा जणांका परत धाडतत. ह्याच बुधवारी विमान."

मी काय म्हणाले ते आठवत नाही. बहुतेक विचारलं, तिकीट कोण देणार.

ताईंनी मला मंगळवारी संध्याकाळी सोडलं, न मागता, आणि उशीर झाला तरी चालेल म्हणाल्या. मी फरवानियाला गेले. हे इमारतीच्या खाली फुटपाथवर खोके बांधत होते, दोन खोके, नायलॉनच्या दोरीने. सुताराची हत्यारं एका खोक्यात. मी दोरी धरली, यांनी गाठ मारली. पोराला घेतलेले बूट दाखवले. मी पिशवीतून पाटी काढून म्हटलं, "तुमी घेवन जावा."

"थय लाईट तरी आसता? तुझ्याकडेच रवांदे. वाचत रव."

आम्ही तिथेच उभे राहिलो, खोक्यांना टेकून. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण दर शुक्रवारी फोनवर सगळं बोलून झालेलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पंधरा शुक्रवार मी दुसऱ्यांच्या पंगती वाढल्या आणि हे इथे पाऊण तासावर होते. आधी कळलं असतं तर. ते मी बोलून दाखवलं नाही. यांच्याही मनात तेच असेल, कारण एकदम म्हणाले, "दहा दिनार सोडूक होये होते आपण." आणि हसले. मला हसता आलं नाही.

नऊ वाजता बस आली. खिडकीतून बघितलं तर हे खोक्यावर बसले होते आणि बसकडे न बघता दोरी ताणून बघत होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी सकाळी कणीक मळत होते. ताई आत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"मावशी, पंधरा दिनार राहिलेत. राहू देत ते. तुम्ही तुमची सुट्टी घ्या आता."

"नको ताई."

"अहो, खरंच नकोत मला."

"शुक्रवारी मी जाणार कुठे?" मी म्हटलं. त्यांनी पुढे आग्रह केला नाही. सुरीने कांदे चिरायला लागल्या, माझ्याबरोबर.

ते पाच शुक्रवार सरळ गेले. चार वाजता भांडी आवरून व्हायची आणि फोनपाशी बसायचं काही कारण नसायचं. यांच्या खोलीतल्या कोणीतरी एकदा फोन केला, "वयनी, वाचतालात?" म्हणून. मी वाचलं, दोनच बातम्या. मग तिसरीवर अडले, तेव्हा त्यांनीच म्हटलं, "रवांदे वयनी." पुन्हा त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही. गावाहून यांचं पत्र आलं, पुलाचं काम अजून बंदच आहे आणि हाताला काम बघतोय असं. मी ते पत्र एका बैठकीत न अडता वाचलं.

विसाव्या शुक्रवारी सोळा माणसं होती. भरली वांगी, कढी, श्रीखंड. सगळे गेल्यावर ताईंनी नेहमीसारखे तीन दिनार माझ्या हातात ठेवले. तीन सुट्या नोटा होत्या, एक जुनी, कोपऱ्यात फाटलेली. मी त्या सरळ केल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी मोजल्या नाहीत. "साठ झाले, मावशी," म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, झाले."